हलगीच्या तालावर दवाखान्यात

सुनेला आत नेल्यापासनं आक्काताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रसूतिगृहाच्या बाकावर शेजारीच जरीचा कोट घातलेला एक बग्गीवाला बसला होता. त्याला शिरोळचा एकजण खोदून खोदून विचारत होता. आक्काताईचा कान आपसूक तिकडं गेला.

"पावणं, बायकोला लग्नाच्या बग्गीतनं आणलंसा म्हनं?"

"रिक्षा मिळंना. सजवलेली बग्गी दारात उभी हुती, तिच्यातच बसवली."

"मग झटक्यात पोचला आसशीला."

"कुठलं! आमचं घोडं वरातीचं. वाजंत्री लागल्याबिगर पाऊल उचलत न्हाय."

"आरं तिच्या! मग?"

"शेजारच्या अण्णासोला हलगी दिऊन म्होरं चालवला."

"कळा देणाऱ्या बाईम्होरं हलगी?"

"व्हय की! उचगावपासनं हितवर. नवरी समजून लोकांनी अक्षता टाकल्या."

"बायको पेटली आसंल."

"मला बी तसंच वाटलं. आमच्या लग्नादिवशी घोडं दुसऱ्याच्या वरातीला गेलतं. हिला सायकलीवरनं घरी आणली. सात वर्सं ऐकतोय."

"आज काय म्हनली?"

"दातावर दात दाबून कळा सोसत हुती. दवाखाना दिसला तशी म्हनली, 'एवढी काय घाई? जरा सावकाश घ्या की.'"