एक म्हंजे चालू, का एक म्हंजे बंद?

...आन् वरून मलाच इचारतेत, यात भांडण्यासारखं काय होतं? आवो, काय होतं म्हंजे? अकरा मीटिंगा झाल्या, अकरा! कशावर? तर 'एक' या आकड्यावर! दोन नाय, तीन नाय, एक! बालवाडीतलं लेकरू सांगंल एक म्हंजे काय, पण तिथं बसलेले समदे इंजिनेर, गळ्यात ओळखपत्रं, समोर पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा सोडलेला... नाय जमलं म्हंजे नाय जमलं!

तुम्हाला सांगतो, यात सगळ्यात जास्त हाल कुणाचे झाले असतील तर आमच्या संघपालचे. संघपाल मुकुंदवाडीचा. वीज कंपनीत इंजिनेर. सरळ माणूस, इतका सरळ की मीटिंगमधी खरोखर टिपणं काढायचा! आता मला सांगा, मीटिंगमधी टिपणं काढणाऱ्या माणसाचं कधी भलं झालंय का?

झालं काय, हे नवे स्मार्ट मीटर आलेत ना? हापिसात बसून कॉम्प्युटरवरनं हुकूम सोडायचा, आन् तिकडं पडेगावात मीटरनं तो पाळायचा. लई झकास. पण मीटर एका कंपनीचं असंल तर ना! एकाच गल्लीत अर्धे मीटर एका कंपनीचे, अर्धे दुसरीचे, आन् हुकूम सोडणारं सॉफ्टवेअर तिसरीचं. तिघांच्या भाषा तीन. म्हणून वरनं कागद आला की बाबांनो, एक समिती करा, आन् कुणाचंबी मीटर कुणाच्याबी कॉम्प्युटरशी बोललं पाहिजे असं एक स्टँडर्ड लिहून काढा. पहिल्या दिवशी काय आनंद तिघांना! टाळ्या! सगळे म्हणले, स्टँडर्ड पाहिजेच! आन् च्या प्याले की हळूच दुसरं वाक्य बाहेर आलं... पण आमचं!

पहिल्या मीटर कंपनीचे गृहस्थ पुण्याचे. बोलणं असं की शिवी दिली तरी आभार मानावे वाटतील. "असं बघा, आमच्या मीटरमध्ये पहिल्यापासून एक म्हणजे चालू. तर्कशुद्ध आहे. ज्यांना तर्क नको असेल, त्यांच्याविषयी मला आदरच आहे." दुसऱ्या मीटर कंपनीचे दिल्लीचे. ते टेबलावर बोट आपटायचे, "देखिए, एक मतलब कमांड! कमांड मतलब काटो! पूरा नॉर्थ इंडिया ऐसे ही चल रहा है!" आन् सॉफ्टवेअरवाल्या कंपनीकडनं आपली कहकशा. इथलीच, शहागंजची, डोकं असं तेज की कॉम्प्युटर तिला घाबरून चालू व्हायचा. ती म्हणायची, "हौ ना, एक नक्को, शून्य नक्को, सीधा अक्षर में लिखो ना, 'चालू रखो', 'बंद करो', झगडाच नक्को!" तर दोघंबी एकदम तिच्या अंगावर, अक्षरं लांब पडतेत, मीटरला टाईम लागतोय! त्यावर कहकशा काय म्हणली? "तो फिर हमारा छोटा वाला फॉरमॅट ले लो!" घ्या! तीबी त्यातलीच! स्टँडर्ड पाहिजेच... पण आमचं!

आता तुम्ही म्हणाल, एका आकड्यानं काय आभाळ कोसळतंय? तर ऐका. उन्हाळ्यात लोड वाढला की डीपी, म्हंजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, जळू नये म्हणून थोडा वेळ काही घरं बंद करायची. पण ज्या घरात आजारी माणूस हाय, मशीन लावलेलं हाय, ते घर जपायचं, त्याची वेगळी यादी. यादीतल्या घराला एक पाठवायचा, बाकीच्यांना शून्य. आता त्या 'एक'चा अर्थ 'जपा' का 'तोडा'? कळलं का कामून भांडण होतं?

समितीचे अध्यक्ष वीज कंपनीचेच बद्रीनाथ साहेब. रिटायर व्हायला पाच महिने राहिलेले. पाच महिने राहिलेल्या माणसाला जगात कुणाशीच वैर नसतंय. अकराव्या मीटिंगीला त्यांनी काय केलं? असं डोळे मिटले, आन् लिहून घ्या म्हणले, "एक या अंकाचा अर्थ सर्वमान्य अर्थ असेल!" झालं! पुणेकर खूश, दिल्लीकर खूश, कारण सर्वमान्य म्हंजे आपलाच, हे दोघांनाबी मान्य! संघपालनं हात वर केला. केला, मी खोटं कामून सांगू? म्हणला, "साहेब, पण सर्वमान्य म्हंजे नेमकं..." तेवढ्यात समोसे आले. सगळे उठले. संघपालचा हात तसाच वर, मंग त्यानंबी हळूच खाली घेतला, आन् त्याच हातानं सही केली.

ती सही त्याला लई महागात पडली.

चाचणीचा दिवस ठरला. पडेगावातली एक डीपी, बेचाळीस घरं, टाईम दुपारी बारा. दहा मिनिटं सगळी घरं बंद करायची, फक्त यादीतली पाच चालू. बद्रीनाथ साहेब, पुणेकर, दिल्लीकर, कहकशा, सगळे हापिसात पडद्यापुढं. जागेवर कोण? संघपाल! एकटा, डीपीखाली, डोक्याला रुमाल बांधून. यादी त्यानंच दारोदार फिरून केलेली. तिसऱ्या घरात मनकर्णाबाई. मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. आता फुप्फुसं थकलेली, दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन लावून बसायच्या. त्यांनी इचारलं होतं, "नक्की जाणार नाय ना रं लाईट?" आन् ह्यानं छातीवर हात ठिवून सांगितलेलं, "बाई, तुमचं नाव यादीत हाय!"

बारा वाजले. हुकूम सुटला. पुण्याच्या मीटरची घरं गपगार, बरोब्बर. आन् दिल्लीच्या मीटरची? कूलर फरफर चालू, टीव्ही चालू, एका घरात तर मिक्सर चालू! संघपालला कळंना, ही बंद कामून नाय झाली? आन् मंग त्याला आठवलं, मनकर्णाबाईचं मीटरबी दिल्लीचंच. ही जर चालू राहिली... तर बंद कोण झालं?

तेवढ्यात फोन. बद्रीनाथ साहेब, मागं टाळ्यांचा आवाज. "अभिनंदन संघपाल! बेचाळीसच्या बेचाळीस मीटरचं उत्तर आलं, 'आदेश पाळला'! पडदा हिरवागार झालाय!" आवो, पाळलाच होता की आदेश! मीटर खोटं बोलतंय का? त्याला कळला तसा पाळला!

संघपाल पळाला. मनकर्णाबाईच्या दारात पोचला तर आतून मशीनची शिट्टी वाजायलेली, पीं-पीं-पीं, आन् बाई खुर्चीत ताठ. ओठ काळेनिळे. कोपऱ्यात छोटा सिलेंडर ठिवलेला, नळी नाकाला लावलेली, पण पाना काही फिरंना. बोलायला दम नाय, तर बोटानं दाखवायल्या, इकडून तिकडं, इकडून तिकडं. संघपालनं पाना घेतला, आधी उलटाच फिरवला. बाईनं त्याच्या मनगटावर फाटकन चापट मारली, आन् दिशा दाखवली. सुस्स... हवा सुटली. बाईनं डोळे मिटले. संघपाल तिथंच फरशीवर बसला.

मंग फोन. "कहकशाबाई, तिसऱ्या घराला उलटा हुकूम पाठवा! एकच्या जागी शून्य!" ती म्हणली, "उल्टा भेजूं? अब्बी?" तर मागून बद्रीनाथ साहेबांचा आवाज, "थांबा थांबा, उलटा पाठवायचा तर ठराव लागंल." दिल्लीकर म्हणायलेले, "हमारा मीटर तो सही है!" पुणेकर म्हणायलेले, "मला वाईट वाटतं, पण मी हेच सांगत होतो." बाई हिकडं छोट्या सिलेंडरवर श्वास मोजायल्या, आन् तिथं स्टँडर्ड पाहिजेच, पण आमचं! कहकशानं काय केलं म्हायतंय? साहेबांकडं बघून गोड हसली, आन् बटन दाबलं. पडेगावात पंखा फिरला. मशीन सुरू झालं.

पंधरा मिनिटांनी बाईला बोलता आलं. पहिला शब्द काय? "गाढवा!" दुसरं वाक्य, "काय झालं ते सांग." ह्यानं सगळं सांगितलं. सर्वमान्य, समोसे, सही, काही लपवलं नाय. बाईनं ऐकून घेतलं आन् म्हणल्या, "आमच्या वॉर्डात डॉक्टर तोंडी औषध सांगायचे. आम्ही 'हो' नाय म्हणायचो. जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचो. अमुक पेशंट, अमुक सुई, इतकी. डॉक्टर 'बरोबर' म्हणले की मंगच सुई. तुमचं मीटर नुसतं 'पाळला' म्हणतंय. काय समजलं ते कुणी इचारलं का त्याला?"

संघपालच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

बारावी मीटिंग. ह्यावेळी संघपालनं हात वर केला नाय, सरळ उभाच राहिला. म्हणला, "एकचा अर्थ तुमच्यात जो असंल तो असू द्या. पण हुकूम पाळायच्या आधी मीटरनं परत म्हणून दाखवायचं, शब्दात. 'हे घर बंद करू का?' नायतर 'हे घर चालू ठेवू का?' हापिसानं 'व्हय' म्हणलं तरच." झाला ना दंगा सुरू! पुणेकर म्हणले, "म्हणजे आमच्या मीटरवर अविश्वास?" दिल्लीकर म्हणले, "इसमें तो पूरे चार सेकंद जाएंगे!" बद्रीनाथ साहेब म्हणले, "यासाठी एक उपसमिती..." समोसे आले. कुणी उठायच्या आधी संघपाल दाराशी जाऊन उभा राहिला, आन् गरीब गाईसारखा चेहरा करून म्हणला, "साहेब, सर्वमान्य अर्थावर मीबी सही केलीय. मला तोंड नाय बोलायला. जसं हाय तसंच ठेवू. फक्त पुढची चाचणी आपल्या समितीच्याच घरी घेऊ. तुमचा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट... लिफ्ट बी त्याच मीटरवर घेऊ. वहिनी भाजी घेऊन वर जायच्या टायमाला."

तुम्हाला सांगतो, अकरा मीटिंगांत जे झालं नाय ते चार मिनिटांत झालं! पुणेकरांना एकदम त्यात तर्क दिसला. दिल्लीकर म्हणले, चार सेकंद क्या होते हैं जी! कहकशानं तिथंच मसुदा टाईप केला, आन् समोसे पहिल्यांदाच गरम खाल्ले लोकांनी. पडेगावात पुन्हा चाचणी झाली. ह्या खेपेला संघपाल बाईच्याच घरात, सिलेंडरला टेकून बसलेला. बेचाळीस मीटरनं बेचाळीस वेळा इचारलं, आन् पाचच्या पाच घरं चालू राहिली. बाई पंख्याकडं बघायल्या, हा बाईकडं.

आठ महिन्यांनी स्टँडर्ड छापून आलं. गुळगुळीत कागद, वर सोनेरी अक्षरं, एकशे साठ पानं. संघपालनं एक प्रत उचलली, आन् गाडीला किक मारून थेट पडेगाव. मनकर्णाबाईच्या हातात दिली. म्हणला, "बाई, पान सत्तावीस. तुमचं हाय ते." बाईनं चष्मा लावला. सत्तावीस वाचलं, दोनदा वाचलं, बोट फिरवून वाचलं. लई खूश झाल्या. मंग सिस्टरचीच सवय, कागद हातात आला की पहिल्यापासून तपासायचा. पान एक उघडलं.

"संघपाल, हे बग, पहिल्याच कलमात काय लिवलंय. 'सदर मानकाचे पालन ऐच्छिक राहील.' ऐच्छिक म्हंजे?"

संघपालनं गाडीची किल्ली हातात घेतली. "म्हंजे बाई... ज्याला वाटंल त्यानं पाळायचं."

"असं व्हय. म्हंजे हेल्मेटसारखं."

"नाय वो बाई," संघपाल उठत म्हणला, "हेल्मेट सक्तीचं हाय."

आन् तसाच उघड्या डोक्यानं गाडीवर बसून निघून गेला.