चिखलात बसणारा बैल

लोक विचारतात, सायकल दुरुस्तीचं दुकान कसं टाकलं. बैलाच्या खोडीवर टाकलं, ऐका.

आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या बैलबाजारात मी माझा एकुलता एक बैल विकायला नेला होता. तो विकला गेला तरच दुकान लागणार होतं. पण बैलाला एक खोड होती. धानाच्या बांधीत पाय चिखलाला लागला की तो खाली बसायचा. मालातला ऐब लपवून केलेली कमाई हलाल नाही, हे वडिलांनी शिकवलं होतं. शाळेत मी फार शिकलो नाही, पण हे शिकलो. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी खोड सांगायचो, आणि तो बैलाचे दात न पाहताच निघून जायचा.

आमच्या गावचा सखाराम मोठ्याने ओरडला, "पाहा रे, रहीम बैल विकून राहिला का बदनाम करून राहिला? चिखलात बसते म्हणते!"

सारा बाजार हसला.

मी म्हणालो, "बसते तर बसते. मी काऊन खोटं बोलू?"

ते हसणं ऐकून पलीकडून एक तेली आला.

"रहीमभाऊ, कोरड्यात चालते का?"

"दिवसभर."

"मंग दे मले. माह्या घाण्यावर कोठचा आला चिखल?"

दावं त्याच्या हाती देताना मी अल्लाहचे आभार मानले. आजही मानतो. त्या दुकानावर घर चाललं, मुलं शिकली.

सखाराम तिथेच आडवा आला. "ओरडलो मी, बैल विकला तुहा. माही दलाली?"

मी त्याला चहा पाजला. पुढे जन्मभर तो दुकानात बसून ती दलाली पीत राहिला.