पाठवली म्हणजे पोचली?

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाईंच्या शेजारी बापलेक बोलत होते.

"बाबा, माझा जावा प्रोग्राम एक्स-रेच्या फायली एफटीपीने मोठ्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर पाठवतो. तिथली जागा संपली. सर्व्हर 'नाही' म्हणत राहिला आणि माझा प्रोग्राम 'पाठवली' लिहीत राहिला."

"त्याचं उत्तर बघितलंच नाही?"

"प्रोग्राममध्ये तेवढी एक ओळ लिहायची राहिली. वीस पेशंटना पुन्हा हेलपाटा पडला."

"होतं रे. तीस वर्षं टपाल वाटलं, मीही चुकलोय."

"आता उत्तर आल्याशिवाय 'पाठवली' म्हणत नाही."

"शहाणा! ताईशी भांडलास, माफी मागितलीस?"

"केव्हाच. मेसेज पाठवला."

"काय म्हणाली?"

मुलाने मोबाइल उघडून पाहिला. मेसेजखाली उत्तर नव्हतं.

"लाव फोन."

पलीकडे रिंग वाजू लागली. इतक्यात बाईंचा नंबर पुकारला. दाढ ठणकत होती, तरी त्या उठल्या नाहीत.