शून्य काम

लसीच्या रांगेत माझ्या पुढे एक तरुण बाप तान्ही लेक खांद्यावर घेऊन उभा होता. शेजारच्या बाकावर त्याची मेहुणी परीक्षेचं पुस्तक उघडून बसली होती.

"भावोजी, ताईला फोनवर काय सांगितलंत? तासभर काम करतोय?"

"करतोयच. दंड भरून आलेत माझे."

"फिजिक्समध्ये हे काम नाही. जोर लावला आणि वस्तू त्या जोराच्या दिशेने सरकली, तरच काम. तुम्ही नुसते धरून उभे आहात. शून्य."

"आणि मघाशी व्हरांड्यात फेऱ्या मारल्या त्या?"

"तुमचा जोर वरच्या दिशेला, चालणं आडवं. त्याही शून्य."

"मग हा घाम कशाचा?"

"घाम अभ्यासक्रमात नाही."

"हळू बोल. पहिल्यांदा झोपलीय माझ्याकडे. एरवी मी घेतलं की भोकाड पसरते."

"पाळण्यातून उचललंत ना, तेवढं मात्र काम झालं."

"चला, काहीतरी जमेस धरलंस."

"पण खाली ठेवलंत की तेवढंच वजा होणार."

"म्हणजे ठेवली की केलेलंही गेलं?"

"गेलं."

"मग मी कशाला ठेवतोय."

दार उघडून नर्स म्हणाली, "बाळाचे बाबा, चला, तुमचा नंबर."

"सिस्टर, या मागच्यांना घ्या ना आधी. सुई टोचली की उठेल ती."

"हे तुम्ही तिसऱ्यांदा म्हणताय. तुम्हाला दुसरं काही काम नाही का हो?"

मेहुणीने पुस्तक तोंडावर धरलं.

तो म्हणाला, "शून्य आहे, सिस्टर."