पाठीवरची थाप

आमचं गाव शिराळ्याच्या अलीकडं, घरची भाकरी शेतावर, आन् गावात पोरगं जरा हाडापेरानं मोठं झालं की तालमीत धाडायचं, तसं मलाबी धाडलं. पण काय सांगू तुमाला, मी कुस्तीत कायम उताणा! आमचं वस्ताद एक दिस म्हणालं, बापू, तुझ्या पाठीला माती लागून लागून ती माती दमली रं, पण तुझा हात लय गुणाचा हाय, तू पोरांची अंगं रगड. तवापासनं रगडतोय. हालू नका, वाईच मान डावीकडं करा.

पैल्यांदाच आलाय न्हवं? मग ऐका. मी आधी विचारणार, कुटं दुकतंय, साखर हाय का, बीपी हाय का, कवा आपरेशन झालंय का. पोटरी सुजून गरम लागली तर मी बोट लावत न्हाई, सरळ डाक्टरकडं धाडतो. मग कोमट तेल, पैल्यांदा नुसता तळहात फिरवायचा, अंगाला वळख पटली पायजे, मग आंगठा. श्वास धरू नका, सोडा. दुकलं तर वरडा, हितं लाज कसली? उद्या अंग ठणकंल, भ्यायचं न्हाई, पाणी प्या आन् पडून ऱ्हावा. आन् सगळ्यात शेवटाला पाठीवर थाप. ती वस्तादांची शिस्त. थाप दिल्याबिगर गडी उठवायचा न्हाई, आन् थाप दिल्यावर गडी पडून ऱ्हायचा न्हाई. आमच्या तालमीत तर गाढ झोपल्यालं पोरगंबी थापंला उठून बसायचं.

तर गावाकडनं हितं साताऱ्याला आलो, पुढं ही खोली, ह्या पडद्यामागं आमचं घर. गिऱ्हाईक निम्मं पेन्शनीतलं फौजी, कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. तेल तापवून द्यायची आमची शालन, माझी मालकीण. लय तोंडाळ बाई! गिऱ्हाईक वरडलं की आतनं हसायची, म्हणायची, सीमेवर काय केलंसा वो दादा, हितं आंगठ्याला भेताय. मान्सं चोळण्यापेक्षा तिच्या बोलण्यानं हलकी हून जायाची.

ती चुलीपशीच पडली, तेलाची वाटी हातात हुती. उजवं अंग गेलं. दवाखाना केला, औषधं झाली, व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं, मामा, चोळा, सांधं धरणार न्हाईत, पण आता लय आशा धरू नका. मी म्हणलं, बाई, तुमी बगाच! सकाळ-संध्याकाळ चोळलं. एका हवालदाराचा खांदा धरल्याला, त्येचा हात माझ्यापशी वर गेला, आन् त्यो गडी हितंच उभा ऱ्हाऊन मला सलाम ठोकून रडाया लागला. मी आत गेलो आन् शालनचा हात हातात घेतला. मांस हाताला सांगतं वो. फौजीचं मांस वळवळत हुतं, माझ्या बायकूचं गप हुतं. लय राग आला मला, कुणाचा ते ठावं न्हाई.

आन् तिला थाप दिली न्हाई मी कवाच. देणार कशी? उठत न्हाई तिला कशी देऊ? म्हणलं, ज्या दिशी पाय हलंल त्या दिशी देईन. रोज चोळायचं, पुसायचं, तसंच सोडायचं. ती तर पडद्याआड पडून दिसभर ऐकत हुती, थाप वाजली की मान्सं उठत्यात, चपला घालून जात्यात.

परवा तेल घेऊन बसलो तर वाकड्या तोंडानं म्हणाली, आज मला थाप द्या. मी म्हणलं, अगं उठशील तवा देतो की. तर म्हणाली, न्हाई उठायची मी, तुमाला ठावं हाय, रोज अर्धं सोडून जाताय, मला बी मोकळं करा. तिला कुशीवर वळवली, हात वर उचलला, आन् हात तितंच ऱ्हायला. खाली येईना झाला. म्हणलं, शालन, न्हाई हुत गं माझ्यानं. तवापासनं ती मला तेल लावू देत न्हाई. भितीकडं तोंड करून पडती. एवढ्या मान्सांची अंगं मोकळी केली मी, आन् घरच्या बाईपुढं हात घेऊन नुसता बसतो.

म्हणून आता थाप कुणालाच देत न्हाई. आतमंदी ऐकू जातं. मान्सं पडूनच ऱ्हात्यात, इच्यारत्यात, बापू, झालं का? हा नुसता हात ठिवलाय मी तुमच्या पाठीवर. वाजणार न्हाई त्यो. थाप आली न्हाई म्हणून पडून ऱ्हाऊ नका. झालंय तुमचं. कुशीवर वळा, हात टेका, सावकाश उठा. चांगलं हुईल तुमचं. उठा.