दर तिसऱ्या माणसात

—हो हो, कार्ड बरोबर आहे ताई, शिक्काही आमचाच. एन्झाइम कमी, हिवताप मुळापासून काढणारी ती गोळी देऊ नये. जन्मतःच कमी असतं हो कुणाकुणात, आईकडून मुलात येतं, आणि मग ती गोळी घेतली की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात — म्हणून डॉक्टर देत नाहीत. तुमच्या मिस्टरांचा ताप तिसऱ्यांदा उलटला? अरे देवा. बसा ना, उभ्या का? मॅडम आत खोलीत आहेत, येतीलच. मॅडम कोण, माझी धाकटी जाऊच की! मीच चिकटवली तिला इथे, नळी कशी धरायची तेसुद्धा मी शिकवलं — तुमच्या वस्तीत दारोदार फिरून दोनशे दंड टोचले कुणी? मी. आणि भिंतीवर फोटो कुणाचा? बघा, बघा! सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, आमच्या धाकटीनं अख्ख्या वस्तीचा आजार शोधला. मोठी? मोठी आपली असते तिथे.

शोधला डोंबलाचा! दर तिसऱ्या माणसात कमतरता — एवढा आकडा असतो का कुठे? पण हातचं नाव सोडतो कोण? ताजं रक्त घेऊन पुन्हा बघा, असं एकालाही सुचलं नाही. फार नाजूक असतं ते एन्झाइम — बर्फात ठेवलं तर टिकतं, उन्हात राहिलं की गेलं. नळीतलं जातं हं, माणसातलं नाही. माणूस ठणठणीत.

उन्हात कशाला राहील म्हणता? राहतं एखाद वेळी. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "जाऊबाई, नमुन्यांची पेटी तेवढी फ्रिजमध्ये ठेवाल?" — मोलकरणीला सांगावं तसं! असा जळफळाट झाला माझा. नाही ठेवली. शनिवार-रविवार राहू दिली खिडकीत. म्हटलं, नमुने फुकट जातील, होऊ दे फजिती. तर कसलं काय, बाईसाहेब गाजल्या!

अशा काय बघताय? मिस्टर बाहेर बाकावर आहेत ना? आणा त्यांना आत, ताजं रक्त घेते, तासाभरात कळेल — नको. थांबा. नीट आलं तर सगळे विचारतील, पेटी कुणाच्या ताब्यात होती. वहीत सही माझी आहे हो.

तुम्ही घरी जा कशा. ताप काय, उतरेल. मी काही बोलले नाही, तुम्ही काही ऐकलं नाही. या आता — अहो, बाहेरचं दार इकडे. ते तिच्या खोलीचं — ताई!