तराफ्याचा दोर

(मिझुरी नदीचा काठ. गावातली सगळी घरं रेल्वेकडे ओढून नेलेली. शेवटचं घर ओंडक्यांवर चढवलेलं, पुढे बैल जुंपलेले. म्हातारा तराफेवाला अँब्रोज, त्याची मुलगी थर्झा आणि जावई लेम्युएल.)

लेम्युएल : मामा, साखळी पार तुटली. हा चढ चढायचा तर तुमचा नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला दोरच लागेल. दुसरं काही टिकायचं नाही.

अँब्रोज : तो दोर तराफ्याचा आहे.

लेम्युएल : अहो, पण तराफ्यात बसायला उरलंय कोण? पलीकडून तराफा बोलवायची घंटा शेवटची कधी वाजली?

अँब्रोज : वसंतात एक पाद्री आला होता.

थर्झा : रस्ता चुकून आला होता, बाबा.

अँब्रोज : चुकून का होईना, आणला ना मी त्याला अलीकडे?

थर्झा : दुकान गेलं, शाळा गेली, लोहारानं भात्यासकट घर हलवलं. आपलंच तेवढं राहिलंय. बर्फ पडायच्या आत नेलं नाही, तर हिवाळा काढायचा कुठे?

अँब्रोज : आता घाई! तेव्हा सगळे म्हणाले, रेल्वे इथूनच जाणार, गाव पलीकडेच वाढणार. शहाण्यांनी दफनभूमीसुद्धा पलीकडे आखली.

लेम्युएल : आणि रेल्वे गेली नदीच्या खालच्या अंगानं. झालं ते झालं. दोर तोडायला कुऱ्हाड देता?

अँब्रोज : नाही.

थर्झा : बाबा, हा काय पोरकटपणा?

अँब्रोज : दोर तोडला की पलीकडे जायचं कसं, ते सांग.

थर्झा : पलीकडे जायचंच कशाला?

अँब्रोज : थर्झा!

थर्झा : तो विषय नको.

अँब्रोज : मी दर रविवारी जातो. गवत काढतो. एलिहूच्या थडग्याच्या फळीवरची अक्षरं उडाली होती, परत रंगवली.

थर्झा : कधी बोलला नाहीत.

अँब्रोज : तू कधी विचारलंस? त्याला पोचवून आलीस, तेव्हापासून भांडीसुद्धा नदीकडे पाठ करून घासतेस.

थर्झा : मला बघवत नाही. एवढंसं पोर माझं. आता आपण जायचं रेल्वेपाशी आणि तो इथे एकटा. मला काय झोप लागते, वाटतं तुम्हाला?

लेम्युएल : मामा, पुरे करा. रडतेय ती.

अँब्रोज : रडू दे. तू जरा तराफ्यातल्या फळीखाली बघ.

लेम्युएल : पेटी आहे. नवी दिसते. लहानशी.

अँब्रोज : घराखाली ओंडके सरकवलेत, त्याच दिवशी करायला घेतली.

थर्झा : मग सांगायचं नाही?

अँब्रोज : कसं सांगू? आई तू त्याची. तुझ्या शब्दाशिवाय मी माती उकरणार नव्हतो.

थर्झा : म्हणून दोर अडवून बसलात?

अँब्रोज : मग काय, दोराचं लोणचं घालायचं होतं मला?

थर्झा : चला. आत्ताच चला, नाहीतर मला जमायचं नाही.

लेम्युएल : मामा, फावडी किती आहेत?

अँब्रोज : दोन.

लेम्युएल : बैल सोडतो चरायला. मीही येतो.

अँब्रोज : ये. थर्झा, तू सुकाणूचा दांडा धर. तराफ्याचं तोंड जरा तिरकं ठेव, मग दोराच्या आधारानं नदीच नेते आपल्याला.

थर्झा : आणि परत येताना?

अँब्रोज : येताना दांडा मी धरेन. तू पेटी मांडीवर घे.